सुरू होणाऱ्या डिस्कमध्ये आपले अंक कसे घालायचे?

मंडळाचे जुने अंक पीडीएफ करून ठेवणं हे निम्मंच काम आहे. उरलेलं निम्मं म्हणजे ते वाचणाऱ्याच्या हाती पोचवणं. आपल्या बेळगाव भागातल्या खेड्यांत एखाद्या वाचनालयात कुणी देणगी दिलेला जुना कॉम्प्युटर असतो. इंटरनेट नसतं, किंवा असून नसल्यासारखं. कधी हार्ड डिस्कच गेलेली असते, म्हणून यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवलेलं असतं. अशा ठिकाणी मला एक उपाय सोयीचा वाटतो. एकच डीव्हीडी द्यायची. ती घातली की यंत्र तिच्यावरूनच सुरू व्हावं आणि अंकही तिच्यातच सापडावेत. लिनक्सच्या 'लाइव्ह' डिस्कने हे जमतं. प्रश्न एवढाच, की तयार मिळणाऱ्या त्या डिस्कच्या इमेजमध्ये आपल्या फाइल घालायच्या कशा? या लेखात तेच बघू.

इमेज म्हणजे काय?

लिनक्सची जी आयएसओ फाइल आपण उतरवून घेतो, ती अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत असते. साधं फोल्डर नव्हे. त्यामुळे ती उघडून आत फाइल पेस्ट करायला गेलं, तर कॉम्प्युटर ऐकत नाही. 'फक्त वाचता येईल' असं सांगतो. हा हट्ट नाही, त्यामागे कारण आहे.

डिस्कवर फाइल कशा मांडायच्या याचं आयएसओ 9660 नावाचं मानक 1988 साली आलं. त्यात डिस्कचे 2048 बाइट्सचे तुकडे पाडलेले असतात. त्यांना सेक्टर म्हणतात. कोणती फाइल कितव्या सेक्टरपासून सुरू होते आणि किती लांब आहे, हे सूचीत लिहिलेलं असतं. छापून बांधलेल्या अंकासारखंच समजा. मधे चार पानं घालायची तर पुढचे पृष्ठक्रमांक सरकतात आणि अनुक्रमणिका पुन्हा छापावी लागते. म्हणून इमेजमध्ये भर घालायची म्हणजे नवी इमेज बांधायची.

खरी मेख कुठे आहे?

सगळ्या फाइल एका फोल्डरमध्ये काढल्या, आपले अंक त्यात टाकले आणि पुन्हा डिस्क राइट केली, तर? डिस्क उघडेल, सगळ्या फाइल दिसतीलही. पण यंत्र तिच्यावरून सुरू होणार नाही. बघणाऱ्याला वाटतं, डिस्क तर बरोबर आहे, मग बिघडलं काय?

बिघडतं ते असं. यंत्र सुरू होताना फाइलींची नावं वाचत बसत नाही. 1995 च्या 'एल टोरिटो' या नियमानुसार ते शून्यापासून मोजल्यास सतराव्या सेक्टरवर जातं. तिथे एका छोट्या यादीचा पत्ता असतो. त्या यादीत सुरुवातीच्या प्रोग्रामचा सेक्टर क्रमांक असतो. ही नोंद फाइल म्हणून दिसत नाही, त्यामुळे फाइलींची नक्कल केली तरी ती मागेच राहते.

शिवाय डिस्कचे पहिले 16 सेक्टर, म्हणजे 32,768 बाइट्स, मानकाने मोकळे सोडलेले आहेत. आजच्या बहुतेक लिनक्स इमेज त्या जागेत आणखी एक कोड ठेवतात. त्यामुळे तीच इमेज पेनड्राइव्हवरूनही चालते. नव्या यंत्रांतल्या यूईएफआय पद्धतीसाठी यादीत वेगळी नोंद असते. या सगळ्या गोष्टी जशाच्या तशा नव्या इमेजमध्ये उतरायला हव्यात.

करायचं कसं?

1. मूळ इमेज तपासा. वितरकाच्या संकेतस्थळावर दिलेला चेकसम आणि आपल्या फाइलचा चेकसम जुळायला हवा. आपण भर घातली की नव्या इमेजचा चेकसम बदलणारच, म्हणून ही तपासणी आधी.

2. जागेचा हिशेब करा. 80 मिनिटांच्या सीडीवर 3,60,000 सेक्टर, म्हणजे 73,72,80,000 बाइट्स मावतात. एकपदरी डीव्हीडीवर सुमारे 470 कोटी बाइट्स. कॉम्प्युटरवर हाच आकडा 4.38 जीबी दिसतो, तेव्हा दचकू नका. समजा, इमेज 350 कोटी बाइट्सची आहे, तर आपल्या अंकांना सुमारे 120 कोटी उरले. काही वितरणांच्या इमेज आता एकट्याच डीव्हीडीत मावत नाहीत. म्हणून हलकं वितरण निवडा. आणि यंत्र फार जुनं, 32 बिटचं असेल तर त्यावर चालणारंच घ्या. उबुंटूने 32 बिटची डेस्कटॉप इमेज 17.10 या आवृत्तीपासून बंद केली आहे.

3. भर घाला. खिडक्या-बटणांची सवय असेल तर लिनक्सवरचा 'आयएसओ मास्टर' सोपा आहे. पण पेनड्राइव्हवर आणि यूईएफआयवरही चालायला हवं असेल तर मी 'झोरिसो' सुचवीन. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: जुनी इमेज कोणती, नवी कोणत्या नावाने करायची आणि आपलं फोल्डर आत कुठे ठेवायचं. चौथी सूचना विसरू नका. सुरू होण्याची मूळ व्यवस्था 'रिप्ले' कर, म्हणजे होती तशीच पुन्हा मांड, असं सांगावं लागतं. मूळ इमेजवरच काम करू नका, नवी फाइल करा.

4. डिस्कचं नाव बदलू नका. 'साहित्य मंडळ' असं नाव द्यायचा मोह होतो. पण फेडोरासारखी काही वितरणं सुरू होताना स्वतःची डिस्क त्या नावावरूनच शोधतात. नाव बदललं की यंत्र अर्ध्या वाटेत थांबतं. मंडळाचं नाव वेष्टनावर लिहा.

देवनागरी नावांचं काय?

हा भाग आपल्यासाठी महत्त्वाचा. मूळ मानकात फाइलीच्या नावाला फक्त मोठी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अधोरेषा चालते. देवनागरी नावं टिकतात ती दोन जोड-व्यवस्थांमुळे: विंडोजसाठी 'जोलिएट' आणि लिनक्ससाठी 'रॉक रिज'. दोन्ही चालू ठेवा.

जोलिएटमध्ये नावाला 64 चिन्हांची मर्यादा आहे आणि इथे मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'दिवाळी अंक' हे आपल्या डोळ्यांना पाच अक्षरं. यंत्राला मधल्या रिकाम्या जागेसकट दहा चिन्हं. रॉक रिजची मर्यादा 255 बाइट्सची. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट्स लागतात, म्हणजे जेमतेम 85 चिन्हं. लेखाचं अख्खं शीर्षक फाइलीला देऊ नका. '2019 दिवाळी अंक' पुरे. वर्ष आधी लिहिलं की यादीही क्रमाने लागते.

फॉन्टची गोष्ट वेगळी. डिस्कवर ठेवलेला फॉन्ट लाइव्ह लिनक्समध्ये आपोआप बसत नाही, कारण ती प्रणाली एका वेगळ्या दाबून बांधलेल्या फाइलमध्ये असते. आपण घातलेलं सगळं तिच्या शेजारी राहतं, आत नाही. उबुंटूत ते 'सीडीरॉम' या फोल्डरमध्ये दिसतं. म्हणून पीडीएफ करतानाच फॉन्ट आत बसवून घ्या. वाचणाऱ्याला काही करावं लागू नये.

राइट करण्याआधी

एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी फुकट घालवायची नसेल तर नवी इमेज आधी व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालवून बघा. एकदा साध्या पद्धतीने, एकदा ईएफआय चालू करून. आतून एक अंक उघडा, जोडाक्षरं नीट दिसतात का पाहा. मग राइट करताना 'इमेज बर्न करा' हाच पर्याय निवडा. आयएसओ फाइल साधी फाइल म्हणून डिस्कवर टाकली तर त्या डिस्कचा काही उपयोग नाही. वेग कमी ठेवा आणि शेवटी 'व्हेरिफाय' करा.

आणखी एक. लिनक्सच्या बहुतेक वितरणांच्या प्रती वाटायला परवानगी असते, पण अंकातल्या कविता आणि कथा त्यांच्या लेखकांच्या आहेत. वाटण्याआधी त्यांना विचारा.

शेवटी डिस्कसोबत अर्ध्या पानाची मराठी चिठ्ठी द्या: यंत्र सुरू होताना कोणती कळ दाबायची, डीव्हीडी कशी निवडायची, अंक कोणत्या फोल्डरमध्ये आहेत. ती चिठ्ठी कॉम्प्युटर न शिकलेल्या एखाद्याला देऊन त्याच्याकडून डिस्क सुरू करून घ्या. तो कुठे अडतो ते बघा आणि ती ओळ सुधारा. वाचनालयात ती डिस्क लावणाऱ्या माणसाच्या शेजारी आपल्यापैकी कुणीही असणार नाही.