लहान संगणकासाठी कूलरची निवड

संगणक जुळविताना आपण प्रोसेसरचा वेग आधी पाहतो आणि त्याचा कूलर शेवटी. पेटी लहान असल्यास हा क्रम बदलावा लागतो. प्रोसेसर जी वीज घेतो, ती जवळजवळ सर्व उष्णतेत रूपांतरित होते. ती बाहेर न गेल्यास साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. वेगासाठी मोजलेले पैसे तेव्हा व्यर्थ जातात.

म्हणून प्रथम मोजपट्टी हाती घ्यावी. प्रोसेसरच्या माथ्यापासून पेटीच्या झाकणापर्यंतची उंची मोजावी. नॉक्टुआचा एनएच-एल९ए हा कूलर ३७ मिलिमीटर उंच आहे, तर एनएच-एल१२एस ७० मिलिमीटर. जागा असेल, तर अधिक उंचीचा घेणे हिताचे. अधिक धातू अधिक उष्णता सामावतो आणि पंखाही संथ, शांत फिरतो.

दुसरी गोष्ट वॅटची. ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा एएमडीचा डेस्कटॉप प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. कूलर लहानच बसत असेल, तर बायोसमध्ये ही मर्यादा खाली आणावी.

तिसरी गोष्ट भोवतालच्या हवेची. कोणताही पंखा प्रोसेसरला खोलीतील हवेहून थंड करू शकत नाही. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो; जानेवारीत पुरणारा कूलर तेथे मे महिन्यात अपुरा पडतो. आपण निवड मे महिन्यासाठी करावी, आणि पेटीच्या जाळीवरील धूळ नियमाने झाडावी.