अतिदक्षता विभाग आणि इन्चार्ज सिस्टर

अतिदक्षता विभागात रुग्णाच्या उशाशी सतत असते ती परिचारिका, आणि तिच्या कामाची घडी बसविते ती इन्चार्ज सिस्टर. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार येथे प्रत्येक पाळीत एका रुग्णामागे एक परिचारिका असावी. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी एकीच्या वाट्याला तीन रुग्णही येतात. नवशिकी व्हेंटिलेटरपाशी एकटी पडू नये, हे तक्ता लावताना इन्चार्जलाच पाहावे लागते.

परंतु नेतृत्वाची खरी कसोटी डॉक्टरांसमोर लागते. डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइनसाठी केलेली यादी सर्वपरिचित आहे: हात धुणे, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणे, संपूर्ण निर्जंतुक आच्छादन, शक्यतो जांघेतील शीर टाळणे, गरज संपताच नळी काढणे. यात नवे काय होते? नवा होता तो पायरी चुकल्यास डॉक्टरांना थांबविण्याचा परिचारिकेचा अधिकार! अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभरावर विभागांनी ही पद्धत राबविली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नळीमुळे होणारा रक्तातील जंतुसंसर्ग दीड वर्षात ६६ टक्क्यांपर्यंत घटला.

आपल्याकडे "सर, हात धुतलेत का?" असे विचारण्यास किती सिस्टर धजतील? एखादीने विचारलेच, तर इन्चार्जने त्याच क्षणी, सर्वांदेखत तिची बाजू घेतली पाहिजे. एकदा गप्प बसविलेली मुलगी पुढे ऑक्सिजन उतरताना दिसला तरी हाक मारण्यास कचरते. आणि इन्चार्जच्या पाठीशी कोण? तेथे विभागप्रमुखच हवेत. रागावलेल्या सर्जनसाहेबांचा फोन त्यांनीच घ्यावा.