रेघ कुठे मारायची?

छकुली,

ताईने तुझ्या चाचणीच्या पेपरचा फोटो पाठवला. ‘हिज वर्क प्लीझेस मी’ या वाक्यात तू ‘वर्क’खाली क्रियापदाची रेघ मारलीस आणि ‘प्लीझेस’ तसंच सोडलंस. गुण गेले त्याचं मला काही नाही. पण तुझं का चुकलं ते लगेच कळलं. वर्क म्हणजे काम, काम ही क्रिया, म्हणून ते क्रियापद, असं तू धरलंस.

हे धरणंच सोड. ‘अरायव्हल’मध्ये येण्याची क्रिया आहे, तरी ते नाम. ‘बिलाँग’मध्ये कसलीच हालचाल नाही, तरी ते क्रियापद. मराठीच्या तासाला तू पाठ केलं आहेस : वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा क्रियावाचक शब्द म्हणजे क्रियापद. त्यातलं ‘अर्थ पूर्ण करणारा’ आपण घाईत गिळून टाकतो, आणि इंग्रजीत नेमकं तेच लागतं.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा घोळ कमी होता. प्रेम या नामाला ‘लुव्हु’ म्हणत, प्रेम करणे याला ‘लुव्हियन’. पुढे शब्दांची शेपटं झिजली आणि दोन्हींचं ‘लव्ह’ झालं. वॉटर, बुक, हँड, वॉक हे शब्दही आज दोन्ही कामं करतात. म्हणून सुटा शब्द उचलून ‘हे नाम की क्रियापद?’ असं विचारूच नकोस. त्याला वाक्यात बघ.

माझी आवडती कसोटी सांगतो. वाक्य कालचं कर. ‘हिज वर्क प्लीझ्ड मी.’ बघ, ‘वर्क’ जागचं हललं नाही, ‘प्लीझेस’ बदललं. काळ बदलला की जे बदलतं ते क्रियापद. ‘कट’, ‘पुट’ असे थोडे शब्द कालही तसेच राहतात. तिथे कर्ता ‘ही’ करून आजचं वाक्य कर, ‘कट्स’ होतं. मात्र नुसता ‘एस’ दिसला म्हणून फसू नकोस, तो अनेकवचनाचाही असतो. शब्दाच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘माय’ असलं काही आहे का, तेही पाहा. ‘अ लाँग वॉक’मधलं ‘वॉक’ नाम.

कानालाही कामाला लाव. ‘रेकॉर्ड’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर आला तर नाम, दुसऱ्यावर आला तर क्रियापद; ‘परमिट’चंही तसंच. ‘ॲडव्हाइस’ हे नाम, ‘ॲडव्हाइझ’ हे क्रियापद. फरक फक्त ‘स’ आणि ‘झ’चा, आणि आपल्या लिपीत तो स्वच्छ दिसतो. असे शब्द वहीत देवनागरीत लिहून ठेव.

‘स्विमिंग इज गुड’मधल्या ‘स्विमिंग’लाही घाबरू नकोस. ‘पोहणे चांगले’मधलं ‘पोहणे’ तेच आहे. ‘पोहण्याने’ असं त्याला विभक्तीसुद्धा लागते, म्हणजे ते नामच झालं.

आज रात्री तुझ्या इंग्रजीच्या पुस्तकातली कुठलीही दहा वाक्यं घे, सगळी कालची कर आणि जे शब्द बदलतील त्यांखाली रेघ मार. एखादं वाक्य अडलं तर खोडू नकोस, तसंच मला पाठव. आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
मामा