राऊटरची नोंदवही आणि गांभीर्याच्या आठ पातळ्या

कार्यालयात आलेले प्रत्येक टपाल आवक नोंदवहीत चढते. संगणक-जाळ्यातील राऊटर व स्विच या उपकरणांची नोंदवही मात्र वेगळी असते. तिच्यात काय चढावे, हे आधी ठरवून द्यावे लागते. या नोंदपद्धतीस 'सिसलॉग' म्हणतात. १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी ती सिद्ध केली आणि २००९ मध्ये आरएफसी ५४२४ या मानकाने तिला आजचे रूप मिळाले.

संदेशांच्या गांभीर्याच्या आठ पातळ्या आहेत : ० इमर्जन्सी, १ अलर्ट, २ क्रिटिकल, ३ एरर, ४ वॉर्निंग, ५ नोटिस, ६ इन्फर्मेशनल आणि ७ डीबग. अंक जितका लहान, तितकी घटना गंभीर. एखादी पातळी निवडली की ती व तिच्याहून लहान अंकाच्या सर्व पातळ्यांची नोंद होते. मोठ्या अंकाचे संदेश गळतात.

येथेच दक्षता हवी. नोंदी कमी व्हाव्यात म्हणून पुष्कळदा ४ ही पातळी निवडली जाते. सिस्कोच्या उपकरणात प्रवेशाच्या नोंदीची सोय चालू असल्यास फसलेला प्रवेश ४ वर, तर यशस्वी प्रवेश ५ वर नोंदला जातो. उपकरणाच्या रचनेतील बदलही ५ वरच येतो. म्हणजे चुकीचा परवलीचा शब्द वापरणारा दिसतो. परंतु तोच पुढे आत शिरून बदल करून गेला, तर त्याचा मागमूस राहत नाही. याउलट ७ ही पातळी कायम ठेवल्यास संदेशांच्या पुरात महत्त्वाची नोंद हरवते व उपकरणावरही भार पडतो. ती दोष शोधण्यापुरतीच वापरावी.

सिस्कोच्या उपकरणावर 'लॉगिंग होस्ट' या आदेशाने नोंदी साठविणाऱ्या सर्व्हरचा पत्ता देतात आणि 'लॉगिंग ट्रॅप' या आदेशाने पातळी ठरवितात. पातळी न दिल्यास ६ गृहीत धरली जाते. 'शो लॉगिंग' या आदेशाने पडताळणी होते. उपकरणाच्या स्मृतीतील नोंदी जागा भरताच जुन्यापासून पुसल्या जातात व वीज गेल्यास नष्ट होतात. म्हणून स्वतंत्र सर्व्हर आवश्यक ठरतो. घड्याळ अचूक नसेल, तर नोंदीचे पुरावामूल्यही घटते.

'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांनाही १८० दिवसांच्या नोंदी जतन करणे बंधनकारक आहे. मात्र जी नोंद झालीच नाही, ती जतन कशी होणार? म्हणून पातळीची निवड तंत्रज्ञावर न सोडता कार्यालयप्रमुखाने ती समजून घेणे अगत्याचे आहे.