नियती, न्याय आणि मधले तीन तास
(नानावटी खटला आणि त्यावरील चित्रपट-नाटके : एक अभ्यास)

परस्त्री, परपुरुष, संशय आणि खून हा विषय साहित्याला नवा नाही. आपल्या वऱ्हाडातील कित्येक घराण्यांची कुलदेवता असलेल्या माहूरच्या रेणुकेची कथाच पाहा. गंधर्वाची जलक्रीडा पाहून रेणुकेचे मन क्षणभर विचलित झाले, एवढाच तिचा अपराध. जमदग्नीने पुत्रांना आज्ञा केली आणि परशुरामाने परशू उचलला. या कथेत फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षा फर्मावणारा एकच आहे. आरोपीला बोलण्याची संधी नाही, साक्ष नाही, विचाराला वेळ नाही. पुढे परशुरामाने वर मागून आईला पुन्हा जिवंत करून घेतले, म्हणून कथा गोड झाली. माणसांच्या जगात असा वर मिळत नाही. म्हणूनच समाजाने राग आणि परशू यांच्यामध्ये एक संस्था उभी केली. तिला आपण न्यायालय म्हणतो.

ही संस्था आपले काम कसे करते आणि कलावंत तिच्याकडे कसे पाहतात, हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातील एका गाजलेल्या खटल्याचा आणि त्यावरील कलाकृतींचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

'काळा चित्रपट' म्हणजे काय?

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत एका विशिष्ट धाटणीचे चित्रपट निघू लागले. दाट सावल्या, खिडकीच्या पट्ट्यांतून आत येणारा उजेड, रात्रीचे ओले रस्ते, मोहात सापडलेला एक सामान्य पुरुष आणि त्याला मोहात पाडणारी स्त्री, असे त्यांचे स्वरूप. १९४६ साली फ्रेंच समीक्षकांनी त्यांना 'फिल्म न्वार', म्हणजे 'काळा चित्रपट', असे नाव दिले. बिली वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) आणि टे गार्नेटचा 'द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस' (१९४६) ही त्याची ठळक उदाहरणे होत. दोन्ही जेम्स केन या एकाच लेखकाच्या कादंबऱ्यांवर आधारलेले आहेत.

यांपैकी 'पोस्टमन'ची कथा आपल्या विषयाला फार जवळची आहे. रस्त्याकडेच्या एका खाणावळीत फ्रँक नावाचा भटक्या तरुण कामाला राहतो. मालकाची तरुण पत्नी कोरा आणि तो एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि दोघे मिळून मालकाचा खून करतात. खटला उभा राहतो. परंतु वकिलाच्या चतुराईमुळे कोरा जवळजवळ सहीसलामत सुटते. पुढे दोघांचे मन स्थिरावते न स्थिरावते, तोच मोटारीच्या खऱ्याखुऱ्या अपघातात कोरा मरण पावते. जो खून केला त्यातून फ्रँक वाचला. जो केला नाही त्यासाठी मात्र त्याला मृत्युदंड होतो. टपालवाला एकदा दार वाजवून परत गेला, तरी दुसऱ्यांदा वाजवल्यावाचून राहत नाही, असा शीर्षकाचा अर्थ. हा टपालवाला म्हणजे नियती.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्या काळी अमेरिकन चित्रपटांवर एक आचारसंहिता लागू होती आणि गुन्हेगाराला शिक्षा झालेली दाखविणे तिच्यानुसार आवश्यक होते. म्हणजे पडद्यावरील नियती काही अंशी या नियमावलीचीही लेक होती! तरीही या चित्रपटांचा मूळ भाव खरा होता. माणूस पहिले पाऊल स्वतः टाकतो. पुढची पावले त्याच्या हाती राहत नाहीत, असे ते सांगत होते.

मुंबईतील २७ एप्रिल १९५९

आता कल्पित कथेकडून वास्तवाकडे वळू. कमांडर कावस माणेकशा नानावटी हे भारतीय नौदलातील अधिकारी. 'म्हैसूर' या युद्धनौकेवर ते दुसऱ्या क्रमांकाच्या हुद्द्यावर होते. पत्नी सिल्विया जन्माने इंग्रज. त्यांना तीन मुले. पती महिनोन्महिने समुद्रावर असे. या काळात प्रेम आहुजा या व्यापाऱ्याशी सिल्वियाचे संबंध जुळले. २७ एप्रिल १९५९ रोजी पतीने विचारले असता तिने ते कबूल केले.

यानंतरचा घटनाक्रम बारकाईने पाहण्याजोगा आहे. नानावटींनी पत्नीला व मुलांना मेट्रो चित्रपटगृहात मुलांचा एक खेळ पाहण्यासाठी सोडले. तेथून ते आपल्या जहाजावर गेले. रात्री मोटारीने एकट्याने अहमदनगरला जावयाचे आहे, असे कारण सांगून त्यांनी रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली. मग ते आहुजाच्या कचेरीत गेले. तो तेथे नव्हता, म्हणून त्याच्या घरी गेले. आहुजा नुकताच स्नान करून टॉवेल गुंडाळून उभा होता. सिल्वियाशी लग्न करून मुलांचा सांभाळ करशील काय, असा प्रश्न आपण विचारला आणि त्याने अपमानकारक उत्तर दिले, असे नानावटींचे म्हणणे. गोळ्या झाडल्या गेल्या आणि आहुजा मरण पावला. नानावटी स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले.

खटला : तीन न्यायासने, दोन निकाल

मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ ज्यूरींपुढे खटला चालला. बचावाची बाजू कार्ल खंडालावाला यांनी मांडली. झटापटीत रिव्हॉल्व्हर उडाले, खून करण्याचा हेतू नव्हता, असा बचाव होता. ज्यूरींनी आठ विरुद्ध एक मतांनी आरोपी निर्दोष असल्याचा कौल दिला. न्यायमूर्ती मेहता यांना मात्र हा कौल पुराव्याला धरून वाटला नाही. तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०७ व्या कलमान्वये त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० रोजी आरोपीला खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला.

आपल्या भागाच्या दृष्टीने एक तपशील येथे नोंदवावासा वाटतो. हा गुन्हा घडला तेव्हा मूर्तिजापूर, अकोला, अमरावती हा सारा मुलूख मुंबईसह एकाच द्विभाषिक राज्यात होता. खटला चालू असतानाच १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्माला आले. त्यामुळे मुंबई राज्यात सुरू झालेले हे प्रकरण कायद्याच्या ग्रंथांत 'नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने कायमचे नोंदले गेले.

सर्वोच्च न्यायालयापुढे मुख्य प्रश्न दोन होते. पहिला असा की, हा अपघात होता काय? न्यायालयाने परिस्थितीजन्य पुरावा तपासला. शरीरावर गोळ्यांच्या तीन जखमा होत्या. एवढी झटापट होऊनही मृताच्या कमरेचा टॉवेल जागचा हलला नव्हता. घटनेनंतर लगेच भेटलेल्या पहारेकऱ्याला आरोपीने भांडणाचे कारण सांगितले. 'अपघात' हा शब्द उच्चारला नाही. एक साधा टॉवेल आणि एक न उच्चारलेला शब्द मोठमोठ्या वक्तृत्वावर मात करून गेले! कायद्याच्या विद्यार्थ्याने आणि कथा लिहिणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे.

दुसरा प्रश्न अधिक खोल होता. 'गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ' झाला असेल, तर तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेच्या ३०० व्या कलमाच्या पहिल्या अपवादानुसार कृत्य खून ठरत नसे; तो सदोष मनुष्यवध ठरे आणि शिक्षा सौम्य होई. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी यासाठी कसोटी सांगितली. आरोपी ज्या सामाजिक थरातला आहे, त्या थरातील समंजस माणूस त्याच परिस्थितीत सापडला असता तर त्याचा तोल गेला असता काय, हे पाहावयाचे. शब्द आणि हावभावही प्रक्षोभक ठरू शकतात. परंतु घाव त्या क्षोभाच्या भरातच घातलेला असला पाहिजे. मन निवल्यानंतर विचारपूर्वक घातलेला नसावा.

पत्नीची कबुली हा गंभीर प्रक्षोभ होता, याविषयी वाद नव्हता. वाद वेळेचा होता. नानावटी दीडच्या सुमारास घरून निघाले आणि गोळ्या सुटल्या चार वाजून वीस मिनिटांनी. मध्ये जवळजवळ तीन तास गेले. या तीन तासांत त्यांनी मुलांची सोय केली, हत्यारासाठी पटेल असे कारण शोधले, कचेरीत चौकशी केली. हे भान हरपलेल्या माणसाचे वर्तन नव्हे, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

आपल्या अभ्यासाचा गाभा येथे आहे. काळा चित्रपट म्हणतो की, पहिल्या क्षणानंतर सारे नियतीच्या हाती जाते. कायदा म्हणतो, छे! मधले तीन तास तुझे होते. प्रत्येक वळणावर गाडी थांबविता आली असती. नियती ही बहुधा मागे वळून पाहताना दिसणारी गोष्ट असते; पुढे पाहताना दिसते ती निवड.

लोकभावना आणि वृत्तपत्रे

तरीही लोकांची सहानुभूती नानावटींच्या बाजूने होती. रूसी करंजिया यांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने त्यांची बाजू हिरिरीने लावून धरली. रुबाबदार नौदल अधिकारी, देशासाठी दूर गेलेला पती आणि पाठीमागे घर फोडणारा श्रीमंत माणूस, असे चित्र तयार झाले. आहुजा स्वतःची बाजू मांडायला जिवंत नव्हता. राज्यपाल श्रीप्रकाश यांनी उच्च न्यायालयाच्या निकालाच्या दिवशीच शिक्षा स्थगित केली. सर्वोच्च न्यायालयात अपील असताना अशी स्थगिती चालू शकत नाही, असे घटनापीठाने १९६० साली ठरविले. अखेर १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. पुढे हे कुटुंब कॅनडात स्थायिक झाले. नानावटी २००३ साली निवर्तले.

या खटल्यामुळेच भारतातील ज्यूरी पद्धत संपली, असे नेहमी सांगितले जाते. ते अक्षरशः खरे नाही. विधी आयोगाने १९५८ सालच्या चौदाव्या अहवालातच ही पद्धत बंद करण्याची शिफारस केली होती. यानंतरही काही ठिकाणी ज्यूरी चालू राहिली. १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही. नानावटी खटल्याने ज्यूरीचे दोष चव्हाट्यावर आणले, एवढे म्हणणे योग्य होईल.

पडद्यावर आणि रंगमंचावर

असा विषय कलावंतांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. नानावटींना माफी मिळण्यापूर्वीच, १९६३ साली, आर. के. नय्यर यांचा 'ये रास्ते हैं प्यार के' हा चित्रपट आला. सुनील दत्त, लीला नायडू आणि रहमान यांनी त्यातील त्रिकोण उभा केला. मराठी रंगभूमीवर मधुसूदन कालेलकरांचे 'अपराध मीच केला' (१९६४) हे नाटक याच खटल्यावर बेतलेले होते. पुढे २०१६ साली अक्षय कुमारचा 'रुस्तम' आला. त्यात नायकाला देशभक्तीचे कवच देऊन प्रश्न सोपा करून टाकला आहे.

या सर्वांत विचाराच्या दृष्टीने मला गुलजार यांचा 'अचानक' (१९७३) श्रेष्ठ वाटतो. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची. विनोद खन्नाने रंगविलेला लष्करी अधिकारी पत्नीचा आणि तिच्या प्रियकराचा खून करतो. चित्रपटात एकही गाणे नाही. त्याला फाशीची शिक्षा झालेली असते. तो पळताना गोळी लागून रुग्णालयात येतो आणि डॉक्टर, परिचारिका जिवाचे रान करून त्याला वाचवितात. कशासाठी? तर तो फाशी जाण्यास योग्य व्हावा म्हणून! येथे टपालवाला खरोखरच दुसऱ्यांदा दार वाजवितो. दया आणि कायदा दोघेही आपापले काम चोख करीत असतात आणि त्यांच्या मध्ये एक माणूस उरतो. अमेरिकन काळ्या चित्रपटाचा आत्मा सावल्यांवाचून, भर उजेडात, या चित्रपटाने पकडला असे म्हणावयास हरकत नाही.

तिची साक्ष

शेवटी एका प्रश्नाकडे लक्ष वेधावयाचे आहे. या साऱ्या कथांत स्त्री कोठे असते? काळ्या चित्रपटात ती मोहिनी असते, पुरुषाचा नाश करणारी. नानावटी खटल्यात लोकांनी पतीचे कौतुक केले, प्रियकराचा धिक्कार केला आणि सिल्वियाला क्षमेची याचक ठरविले. तेव्हाच्या कायद्याची दृष्टीही वेगळी नव्हती. दंडसंहितेचे ४९७ वे कलम व्यभिचार हा पतीविरुद्ध केलेला गुन्हा मानी. परपुरुषाला शिक्षा होई, पत्नीला नाही. कारण पत्नी ही जणू पतीच्या मालकीची वस्तू. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरविले. व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण राहिले. गुन्हा राहिला नाही.

विजय तेंडुलकरांनी हे फार आधी ओळखले होते. 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मध्ये खेळातला खटला चालतो तो लीला बेणारेवर. जबाबदार असलेले प्राध्यापक दामले मात्र येतच नाहीत. त्यांची खुर्ची रिकामी असते. बेणारेची कैफियत प्रेक्षक ऐकतात, पण त्या कोर्टातली माणसे ऐकत नाहीत. नानावटी खटल्यावरील बहुतेक चित्रपटांत पतीचे दुःख विस्ताराने येते, त्या मानाने स्त्रीचा एकाकीपणा थोडक्यात आटोपला जातो, ही त्यांची खरी उणीव होय.

विद्यार्थी मित्रांनी हे चित्रपट आणि ही नाटके जरूर पाहावीत, वाचावीत. परंतु पाहताना तीन प्रश्न मनाशी ठेवावेत. कोणाला बोलू दिले आहे? कोण गैरहजर आहे? आणि राग व कृती यांच्या मधल्या तासांत काय घडले? आजही वर्तमानपत्रात संशयावरून पत्नीचा खून झाल्याची बातमी येते. चावडीवर आणि चहाच्या टपरीवर कोणीतरी 'रागाच्या भरात झालं' असे म्हणून मोकळा होतो. त्या वेळी या अभ्यासाचा उपयोग व्हावा. राग नियतीने दिला असे क्षणभर मानले, तरी हत्यार शोधायला गेलेली पावले माणसाचीच असतात. माहूरच्या कथेत रेणुका परत आली. मुंबईच्या त्या घरातून कोणी परत आले नाही.