हास्केलमधून डेटाबेस कसा जोडावा?

प्रश्न : मी हास्केल शिकतो आहे. पुस्तकांची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्रॅम करायचा आहे. डेटाबेस कोणता घ्यावा? साधी क्वेरी लिहिली तरी कंपायलर अडवतो, असे का?

उत्तर : सुरुवातीला एसक्यूलाइट घ्या. सर्व्हर लागत नाही, सगळा डेटा एकाच फाइलमध्ये राहतो. सोबत 'एसक्यूलाइट-सिंपल' ही लायब्ररी वापरा. जोडणी 'विथकनेक्शन'ने उघडा. मध्येच चूक झाली तरी ती आपोआप बंद होते.

कंपायलर अडवतो त्याची कारणे बहुधा दोन असतात. एक, फाइलच्या माथ्यावर 'ओव्हरलोडेड-स्ट्रिंग्ज' सुरू केलेले नसते. दुसरे, येणाऱ्या ओळींचा टाइप त्याला कळत नाही. 'पुस्तक' हा टाइप ठरवा, त्यासाठी 'फ्रॉमरो'चे इन्स्टन्स लिहा आणि निकाल 'पुस्तकांची लिस्ट' आहे हे स्पष्ट सांगा. रिकामा असू शकणाऱ्या रकान्याला 'मेबी' द्या.

वापरकर्त्याने टाइप केलेले नाव एसक्यूएलच्या वाक्यात कधीही जोडू नका. तिथे प्रश्नचिन्ह ठेवा आणि मूल्य वेगळे पाठवा. इंजेक्शनचा धोका तिथेच टळतो. मूल्य एकच असेल तर ते 'ओन्ली'मध्ये गुंडाळावे लागते. नवशिके हमखास इथेच अडतात.

एक मात्र पक्के लक्षात ठेवा : एसक्यूएलचा मजकूर कंपायलर तपासत नाही. रकान्यांचा क्रम चुकला तर ते प्रोग्रॅम चालवल्यावरच कळते. म्हणून प्रत्येक क्वेरीसाठी छोटी चाचणी लिहाच.