बेताच्या पैशात खेळाचा संगणक

कापसाचे चुकारे झाले तेव्हा बाबांनी मला संगणकासाठी ४० हजार रुपये दिले. पैसा घामाचा, म्हणून घाटंजीहून नागपूरला जाण्यापूर्वी मी सुट्या भागांचा अभ्यास केला. त्याचे सार येथे देतो.

प्रथम पडदा ठरवावा. १९२० × १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर दर चित्रासाठी सुमारे २० लाख ठिपके रंगवावे लागतात. हे काम ग्राफिक्स कार्डाचे, आणि सर्वात मोठा खर्चही त्याचाच. तो मला झेपेना. म्हणून २०२१ साली आलेला रायझेन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला. चित्रे रंगविण्याची सोय त्यातच असल्याने हलके खेळ कार्डाविना चालतात. रॅम १६ जीबीची एक न घेता ८ जीबीच्या दोन घेतल्या. दोन वाटांनी माहिती लवकर पोचते.

दुकानात स्वस्त एसएमपीएस सुचविला गेला. मी नाकारला. आमच्याकडे विजेचा दाब कमीजास्त होतो, आणि निकृष्ट एसएमपीएस बिघडला तर इतर भागही जळू शकतात. चांगला ५५० वॅटचा घेतला. त्यावर पुढे १७० वॅटचे आरटीएक्स ३०६० कार्डही चालेल.

मित्रहो, जो भाग मागाहून घेता येतो तेथे थांबावे. ज्यावर सारे भाग अवलंबून, तेथे काटकसर करू नये. माझ्या संगणकात कार्डाची जागा अजून रिकामी आहे. ती पुढच्या चुकाऱ्याची वाट पाहील.